टिपणिसांची रेकॉर्ड

हरिहर टिपणिसांना आयुष्यात तसं काही कमी पडलं नव्हतं. वर्तकनगरात स्वतःचा फ्लॅट, पेन्शन वेळेवर, गुडघे अजून शाबूत, मुलगा बंगळुरात सुखात. खंत म्हणावी अशी एकच होती, आणि ती ऐकून शेजारपाजारचे हसत. साठच्या दशकातली सगळ्यात थोर पॉप रेकॉर्ड कोणती, या प्रश्नाचं बरोबर उत्तर टिपणिसांना ठाऊक होतं, आणि मंडळ ते मान्य करत नव्हतं.

मंडळ म्हणजे पाच माणसं. टिपणीस, त्यांची बायको सुमती, कल्याणचा ट्रकवाला जगन भोईर, डोंबिवलीचा प्रीतम आणि माजिवड्याची सोनल. प्रीतम दिवसा बँकेत आणि संध्याकाळी गिटारच्या क्लासात. सोनल दातांची डॉक्टर, पेशंटचा जबडा उघडा ठेवून त्याला जुनी इंग्रजी गाणी ऐकवणारी. पेशंट बिचारा नको तरी कसं म्हणणार? ही पाच माणसं महिन्यातून एकदा कुणाच्या तरी घरी जमत आणि साठ ते एकोणसत्तर या दहा वर्षांबद्दल इतक्या तावातावानं भांडत, की जणू त्या दहा वर्षांचा निकाल अजून कोर्टात पडून आहे.

वर्षातला मोठा दिवस म्हणजे संक्रांतीनंतरचा रविवार. त्या दिवशी मतदान. प्रत्येकानं एक रेकॉर्ड सुचवायची, तिच्या बाजूनं बोलायचं. बोलताना वाजवून दाखवायचं नाही, नुसतं बोलायचं. शेवटच्या फेरीत दोन रेकॉर्डी उरत. नियम एकच होता आणि तो जगननं फार कडक ठेवला होता: स्वतःच्या रेकॉर्डला मत द्यायचं नाही. त्यामुळे त्या दोघांनी हात खाली ठेवायचे, उरलेल्या तिघांनी वर करायचे. जिंकलेली रेकॉर्ड मग पहिल्यापासून शेवटपर्यंत लावायची. ती वाजत असताना कुणी एक शब्द बोलायचा नाही, चहासुद्धा मागायचा नाही. हरलेली रेकॉर्ड पिशवीत घालून घरी.

गेली बारा वर्षं शेवटच्या फेरीत टिपणीस आणि जगन उरत. जगनची रेकॉर्ड बीटल्सची. लहानपणी कल्याणच्या रेल्वे कॉलनीत एका अँग्लो-इंडियन गार्डाच्या खिडकीखाली उभं राहून त्यानं ती ऐकली होती, आणि त्यानंतर जगात दुसरं काही संगीत आहे हे तो केवळ शिष्टाचार म्हणून मान्य करी. टिपणिसांची रेकॉर्ड टोलगेट्स नावाच्या इंग्रजी बँडची. अडुसष्ट साली त्यांनी ही एकच रेकॉर्ड काढली आणि मग ते कुठे गेले ते त्यांच्या आयांनाच माहीत. मोबाईलवर सगळं मिळतं म्हणून छाती काढणाऱ्या प्रीतमलाही ती कुठे मिळाली नव्हती. ती होती फक्त टिपणिसांकडे, शहात्तर साली साखरपुड्यानंतर सुमतीनं भरून दिलेल्या एका कॅसेटवर. मुलानं पुढे त्या कॅसेटची सीडी करून दिली आणि तिच्या प्रती टिपणिसांनी मंडळात वाटल्या.

आणि काय बोलत टिपणीस त्या रेकॉर्डवर! एरवी सोसायटीच्या सभेत तोंड न उघडणारा माणूस, पण त्या दिवशी उभा राहिला की बसायचं नाव घेत नसे.

"गाणी सगळेच लिहितात हो," ते म्हणत. "पण टोलगेट्सच्या या आर्थर पेलनं नुसती गाणी नाही लिहिली, गाण्यांची रांग लिहिली. सुरुवातीला एकटा माणूस. एक गिटार, जवळजवळ पुटपुटणं. घरात कुणी ऐकेल की काय, अशी भीती. एकेक गाणं करत तो दारापर्यंत येतो, निघून जातो. मग शांतता. वाटतं, संपलं. आणि धाडकन ढोल! तो परत येतो! माणसांत येतो. शेवटच्या गाण्यात अख्खा बाजार गातोय त्याच्याबरोबर. या शांततेसाठी जिगर लागते. बीटल्सना सुचली का अशी शांतता?"

ऐकताना सोनलच्या डोळ्यांत पाणी यायचं, तरी मत ती जगनलाच द्यायची, कारण गाणं म्हणून गाणं तिला बीटल्सचं आवडायचं. प्रीतम टिपणिसांना. उरली सुमती. आणि सुमती दर वर्षी शांतपणे जगनसाठी हात वर करायची.

घरचा आहेर, म्हणून सगळे हसत. टिपणीसही हसत. पण परतीच्या वाटेवर रिक्षात ते न चुकता विचारत, "का गं?" आणि सुमती म्हणे, "तुमचं बोलणं छानच झालं." याला काही उत्तर म्हणत नाहीत. बारा वर्षांत टिपणिसांनी बायकोकडून यापेक्षा जास्त काही काढून घेतलं नव्हतं. त्यांना जिंकायची हौस होती असं नाही. एकदा, फक्त एकदा, या पाच माणसांनी ती रेकॉर्ड एकत्र बसून, गप्प राहून, पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकावी, एवढंच त्यांना हवं होतं. आणि ते घरातल्याच एका हातावर अडलं होतं.

यंदा मतदान जगनकडे होतं. आदल्या दिवशी सकाळी दोघं उपवनला तळ्याकाठी फिरायला गेली. थंडी बरी होती. टिपणीस चालता चालता उद्याचं भाषण मनात घोळवत होते. एका बाकापाशी सुमती थांबली.

"बसू या जरा. जगनभाऊंचा फोन आला होता काल."

"काय म्हणतोय?"

"ऐश्वर्याला मँचेस्टरला एका जुन्या दुकानात टोलगेट्स मिळाली. मूळची रेकॉर्ड. ती घेऊन आलीय सुट्टीवर. उद्या ते तुम्हाला देणार आहेत, पंच्याहत्तरीची भेट. तुम्हाला सांगायचं नाही असं बजावलंय मला."

ऐश्वर्या म्हणजे जगनची मुलगी. टिपणीस बसले होते ते ताडकन उठले. "मूळची? कव्हरसकट? अगं, मी अजून तिचं कव्हरसुद्धा पाहिलेलं नाही!"

"बसा खाली. पुढचं ऐका," सुमती म्हणाली. "तुमच्या कॅसेटवर दुसरी बाजू आधी आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे मामानं उसन्या आणलेल्या रेकॉर्डवरून मी ती भरली ना त्याच्याकडे डोंबिवलीला, तेव्हा दुपारची वेळ होती. मामी पलीकडच्या खोलीत झोपलेली. रेकॉर्डच्या पहिल्या बाजूला सुरुवातीलाच नुसते ढोल. मामीची झोप मोडली असती तर माझं काही खरं नव्हतं. म्हणून म्हटलं, आधी दुसरी बाजू भरू, ती शांत आहे. मामी उठली की ढोल."

टिपणीस तिच्याकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "आणि ती शांतता? मधली?"

"तिथे कॅसेटची एक बाजू संपली हो. पुढे नुसती कोरी टेप. मुलानं सीडी करताना तसंच्या तसं जोडलं; कॅसेट उलटायची राहिली नाही, शांतता तेवढी राहिली."

यावर टिपणीस उठले आणि तळ्याला फेरी मारायला निघाले. सुमती बाकावर बसून राहिली. लांबून तिला त्यांची टोपी झाडांच्या मागे जाताना आणि परत बाहेर येताना दिसत होती. माणूस मध्येच थांबत होता, स्वतःशी मान हलवत होता. एकदा तर समोरून येणाऱ्या ओळखीच्या गृहस्थांना नमस्कार न करताच पुढे गेला, इतका हललेला.

आणि का हलू नये? आर्थर पेलची जिगर, आर्थर पेलची शांतता, दारातून बाहेर पडून परत येणारा माणूस. सगळं एका मामीच्या वामकुक्षीवर उभं होतं. पेलच्या खऱ्या रेकॉर्डमध्ये माणूस आधी भर बाजारात असतो, मग घरात एकटा पडतो आणि शेवटी दारातून चालत नाहीसा होतो. परत वगैरे येत नाही. बारा वर्षं टिपणीस भर सभेत उलटं पुस्तक वाचत होते.

फेरी पूर्ण करून ते आले तेव्हा त्यांचा चेहरा पडला होता.

"इतकी वर्षं सांगितलं का नाहीस?"

"पहिल्याच वर्षी सांगणार होते. पण तुम्ही बोलायला उभे राहिलात. इतकं सुंदर बोलायला लागलात, की माझ्या तोंडातून शब्द फुटेना. पुढच्या वर्षी म्हटलं, आता सांगू. मग प्रत्येक वर्षी आणखी उशीर होत गेला."

"मूर्खासारखा बोलत होतो मी."

"अजिबात नाही," सुमती एकदम तीव्रपणे म्हणाली. "मूर्खासारखं काय त्यात? तुम्हाला ऐकू आलं तेच बोललात ना?"

टिपणीस बाकावर टेकले. मग त्यांना दुसरंच काही आठवलं. "ते राहू दे. तू मत का नाही दिलंस मला? कधीच?"

"आपला नियम काय आहे?"

"कसला नियम?"

"स्वतःच्या रेकॉर्डला मत द्यायचं नाही," सुमती म्हणाली. "तुम्ही दर वर्षी रांगेचं कौतुक करायचात. रांग मी लावली होती."

टिपणिसांना हे कळायला थोडा वेळ लागला. कळल्यावर त्यांना हसावं की चिडावं ते कळेना. "हात खाली ठेवायचास मग! जगनला कशाला दिलंस?"

"खाली ठेवला असता तर तुम्हीच विचारलं असतं, का म्हणून. आणि मला खोटं सांगता येत नाही."

उरलेला दिवस टिपणिसांनी वाईट काढला. दुपारी जेवताना त्यांनी जाहीर केलं, की इंग्लंडात छपाईच्या वेळीच बाजूंची अदलाबदल झाली असणार आणि मामीच्या झोपेनं ती दुरुस्त झाली. भात संपेपर्यंत त्यांचा स्वतःचाही यावर विश्वास होता. चहाच्या वेळी त्यांना कणकण वाटू लागली. सुमतीनं कपाळाला हात लावून पाहिला आणि कप समोर ठेवला. खरं तर त्यांना भीती वाटत होती. रेकॉर्ड हरायची सवय होती त्यांना, पण आता कव्हर हातात आल्यावर सोनल आणि प्रीतम हसतील, बारा वर्षांची भाषणं आठवून आठवून हसतील, आणि ही रेकॉर्ड म्हणजे मंडळातला कायमचा विनोद होऊन बसेल. मग ती कुणीच कधी ऐकणार नाही.

"उद्या मी नाव मागे घेतो," ते शेवटी म्हणाले.

"तुमची मर्जी," सुमती म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखाच होता, पण ती लगेच उठून गॅलरीतल्या कुंड्यांना पाणी घालायला गेली. सकाळीच घातलेलं होतं.

रविवारी सोनलनं दोघांना गाडीत घेतलं. जगनचं घर कल्याणला खाडीच्या बाजूला, खाली ट्रकचं ऑफिस आणि वर मोठा हॉल. हॉलमध्ये एका भिंतीला देव आणि दुसऱ्या भिंतीला रेकॉर्ड प्लेअर, दोन्हींना रोज फडकं लागणारं. प्रीतम आधीच येऊन बसला होता. तीळगूळ झाला, जगनच्या बायकोनं, कलावतीनं, तांदळाच्या भाकऱ्या आणि सुक्या जवळ्याची चटणी वाढली. टिपणिसांना जवळा चालत नाही हे लक्षात ठेवून त्यांच्यासाठी वेगळी वांग्याची भाजी होती. पहिली फेरी नेहमीसारखी पार पडली. सुमतीनं सुचवलेली फ्रेंच गायिका बाद, प्रीतमचे अमेरिकन लोक बाद, सोनलचे बाद. उरले टिपणीस आणि जगन.

टिपणीस उभे राहिले. त्यांनी तोंड उघडायच्या आत जगननं कपाटामागून एक चौकोनी पुडकं काढलं.

"टिपणीस, तुजं भाषण मना पाठ हाय. आज बोलू नको, आज ह्ये बग," जगन म्हणाला. "आणि वयनी, यंदा तरी मत द्या यांना. जिंकून जिंकून मना कंटाला आला."

टिपणिसांनी कागद काढला. कव्हरवर टोल नाक्याच्या दांडीपाशी उभी चार पोरं. जन्मभर ज्यांना ऐकलं त्यांचे चेहरे त्यांना आत्ता दिसत होते, आणि ती पोरं इतकी कोवळी होती की त्यांना गलबलून आलं. त्यांनी कव्हर उलटं करून मागचं वाचलं. सुमती म्हणाली होती तसंच होतं सगळं. त्यांनी तिच्याकडे पाहिलं. ती तीळगुळाच्या वाटीत बघत होती.

नाव मागे घेतो, एवढंच म्हणायचं होतं. तीन शब्दांचं काम.

"मंडळी," टिपणीस म्हणाले, "मी बारा वर्षं तुम्हाला एका रांगेबद्दल सांगतोय. ती आर्थर पेलची नाही. त्याची रांग इथे मागे छापलीय. सुरुवातीला बाजार, शेवटी एकटेपण. तीही वाईट नाही, पण मी बोलत होतो ती ही नाही." आणि मग त्यांनी सगळं सांगितलं. दुपार, मामी, ढोल, कोरी टेप, सगळं. काहीही लपवलं नाही.

अपेक्षेप्रमाणे हशा झाला. प्रीतम तर गुडघ्यावर हात मारत होता. "काका, ती शांतता! मी क्लासमध्ये पोरांना शिकवलीय ती शांतता!"

"हसा," टिपणीस म्हणाले. "पण मला सांगा, ऐकताना ती तुम्हाला खोटी वाटली का कधी?"

हसणं कमी झालं. सोनल म्हणाली, "नाही. खरं सांगू, माझा सगळ्यात आवडता भाग तोच आहे. पण काका, टेक्निकली ही मग साठच्या दशकातली रेकॉर्ड राहत नाही ना? अल्बम अडुसष्टचा, पण आपण ऐकतो तो शहात्तरचा. डोंबिवलीचा."

झालं, वादाला तोंड फुटलं. अर्धा तास मंडळ हमरीतुमरीवर आलं होतं. क्रम बदलला की रेकॉर्ड बदलते का? बदलते तर मग लिहिणारा मोठा की लावणारा? प्रीतम म्हणाला, क्रम हीसुद्धा रचनाच. सोनल म्हणाली, मग तारीखही रचनेचीच धरा. शेवटी सगळे जगनकडे वळले, कारण नियमांचा मालक तो.

जगननं दाढी खाजवली. "गाणी त्याच पोरांची हायेत ना? मग जेवण तेच. पंगत बसवली वयनींनी. रेकॉर्ड चालंल."

"मग माझी एक विनंती आहे," टिपणीस म्हणाले. "ही रेकॉर्ड माझ्या नावावरून काढा. सुमतीच्या नावावर घाला."

"अहो, काहीतरीच काय?" सुमती म्हणाली.

"काहीतरीच नाही. ज्याची रेकॉर्ड त्याचं नाव. सुमती आणि जगन, तुम्ही दोघं हात खाली ठेवा." आणि जगननं मतदान पुकारायच्या आधीच टिपणिसांचा उजवा हात वर गेला. बारा वर्षं ज्या रेकॉर्डला मत द्यायची त्यांना मनाई होती, तिला ते आज मत देत होते. प्रीतमनं हात वर केला. सोनलनं इमानदारीत जगनच्या बाजूनं केला. दोनास एक.

क्षणभर कुणाला विश्वासच बसेना. मग जगननंच पहिली टाळी वाजवली, आणि आतून कलावती विचारायला आली, की आज इतका गोंधळ कसला. सुमतीचे कान लाल झाले होते. बँकेत पस्तीस वर्षं अधिकारी म्हणून काढलेली बाई, पण शाळेत पहिलं बक्षीस मिळालेल्या मुलीसारखी ती पदर सारखा करत बसली होती. तिला बघून टिपणिसांना इतकं बरं वाटलं, की आपली रेकॉर्ड जिंकली यापेक्षा ते कितीतरी जास्त होतं.

जगननं रेकॉर्ड बाहेर काढली, फुंकर मारली. "वयनी, दुसरी बाजू आदी ना?"

"हो."

"एक विचारू?" प्रीतम म्हणाला. "मामी काय, तासाभरात उठल्या असतील. मग तुम्ही दुसऱ्या कॅसेटवर नीट क्रमानं का नाही भरलीत?"

टिपणिसांना हा प्रश्न कालपासून सुचलाच नव्हता. त्यांनी बायकोकडे पाहिलं.

"भरणार होते," सुमती म्हणाली. "दुसरी कॅसेट होती माझ्याकडे. पण आधी ही एकदा पुरती ऐकली." ती थांबली, मग टिपणिसांकडे न बघता, सोनलला सांगितल्यासारखं म्हणाली, "हे मला बघायला आले होते ना, तेव्हा घरात बसले होते तेवढा वेळ एक शब्द बोलले नाहीत. आईला वाटलं, नकारच आहे. मग सगळे निरोप घेऊन उठले, हे दारातून बाहेर पडले. आम्ही भांडी उचलायला लागलो, तर जिन्यातून परत वर आले. पाण्याचा पेला मागितला आणि बोलायला लागले. मामाशी, बाबांशी, शेजारच्या आजींशीसुद्धा. थांबेचनात. शेवटी अर्धी चाळ दारात गोळा झाली. ती कॅसेट ऐकली आणि म्हटलं, राहू दे अशीच. ही अशीच आहे."

टिपणीस सावकाश खाली बसले. एकटा माणूस, घरात कुणी ऐकेल अशी भीती, दारातून जाणं, शांतता, मग परत येणं. बारा वर्षं ज्याच्याबद्दल ते उभं राहून बोलत होते, तो माणूस आर्थर पेलनं लिहिलेलाच नव्हता.

त्यांना सुमतीला काहीतरी सांगायचं होतं. पुष्कळ सांगायचं होतं. पण तेवढ्यात जगननं सुई टेकवली, आणि रेकॉर्ड वाजत असताना एक शब्दही बोलायचा नाही, हा नियम होता. म्हणून चारचौघांत कधी केलं नव्हतं ते त्यांनी केलं. बायकोचा हात आपल्या हातात घेतला, आणि बाजू बदलायला जगन उठला तरी सोडला नाही.